पुसलेल्या फाइलने अडवलेली डिस्क

जुलै महिन्यातील शेवटचा शुक्रवार 2000 सालापासून सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरांच्या कौतुकाचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि नेमक्या त्याच दिवशी लेखा विभागाने "तुमचा सर्व्हर मेला आहे" असे कळवून आमचा सत्कार केला. (चालू असेपर्यंत सर्व्हर कंपनीचा असतो, बंद पडताच तो आमचा होतो.)

त्या लिनक्स यंत्रावर 'डीएफ' ही आज्ञा डिस्क पूर्ण भरल्याचे सांगत होती, तर फायलींची बेरीज करणारी 'डीयू' निम्मी जागाही वापरात नसल्याचे दाखवत होती. साहेबांनी तत्काळ नवी डिस्क मागवण्याचा विचार बोलून दाखवला.

अशा तफावतीचे नेहमीचे कारण म्हणजे पुसलेली, पण उघडीच राहिलेली फाइल. लिनक्समध्ये फाइल पुसल्यावर केवळ तिचे नाव डिरेक्टरीतून जाते. तिला उघडून बसलेली शेवटची प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) तिला सोडत नाही, तोपर्यंत ती घर सोडल्याचे सांगून किल्ली न देणाऱ्या भाडेकरूसारखी जागा अडवून ठेवते. अशा पुसलेल्या पण उघड्या फायली दाखवणारी 'एलएसओएफ +एल1' ही आज्ञा देताच एक अवाढव्य लॉग फाइल (घडामोडींची नोंदवही) आणि तिला धरून बसलेली सेवा, म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्राम, सापडली. ती सेवा पुन्हा सुरू करताच जागा मोकळी झाली. पुढे जुन्या लॉग वेळोवेळी बाजूला काढणाऱ्या 'लॉगरोटेट'मध्ये 'कॉपीट्रंकेट' हा पर्याय लावला; तो फाइल न पुसता तिची प्रत काढतो आणि मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करतो. त्यात क्वचित एखाददुसरी ओळ निसटते, पण ती कोणी वाचत नाही.

लेखा विभागाने आभार मानले नाहीत. मात्र आलोच आहोत तर प्रिंटरही पाहून जावा, अशी सूचना केली.