आजारामुळे फौज सुटताना: मेडिकल बोर्ड, शेरा आणि पेन्शन (इंदूर-महूकडच्या जवानांसाठी)

भरतीच्या वेळी धडधाकट असलेला जवान दहा-बारा वर्षांनी रक्तदाब, मधुमेह, फिट्स किंवा मणक्याच्या दुखण्यामुळे लो मेडिकल कॅटेगरीत (खालच्या वैद्यकीय श्रेणीत) जातो आणि एक दिवस मेडिकल बोर्डाची, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची, तारीख हातात पडते. घरी सगळे एकच विचारतात: किती टक्के अपंगत्व दिलं? पण आधी बघायचं ते टक्क्यांच्या शेजारचं उत्तर. आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे बळावला, असं बोर्डानं लिहिलंय का? तिथे दोन्हींना 'नाही' आलं, तर 60 टक्के मिळूनही डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) हाती लागत नाही.

कुठल्या दारानं बाहेर पडताय?

सैन्याच्या 'शेप' या वैद्यकीय श्रेणीत पाच गोष्टी तपासतात: मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे. प्रत्येकाला 1 ते 5 अंक. 1 म्हणजे तंदुरुस्त, 5 म्हणजे सेवेला कायमचा अयोग्य. आजारपणात बाहेर पडण्याचे रस्ते तीन. मुदतीआधी अयोग्य ठरवलं तर इनव्हॅलिडिंग बोर्ड. मुदत पूर्ण झाली पण कॅटेगरी लो आहे, तर रिलीज बोर्ड. तिसरा रस्ता स्वतःहून मागितलेल्या डिस्चार्जचा, आणि घात होतो तो इथेच. कंटाळून, किंवा 'सोपं पडेल' असं कुणी सांगितलं म्हणून 15 वर्षांच्या आत स्वतःचा अर्ज दिला, तर साधी सर्व्हिस पेन्शनही मिळत नाही. युनिटमध्ये 'पुढे सेवा करायची इच्छा नाही' असा कागद पुढे आला, तर वाचल्याशिवाय सही करू नका. लो कॅटेगरीच्या जवानाला वैद्यकीय कारणानं काढायचं तर इनव्हॅलिडिंग बोर्ड व्हायलाच हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये राजपाल सिंग प्रकरणात सांगितलं आहे.

बोर्डाआधी जमवायचे कागद

1. आजार पहिल्यांदा कळला त्या दिवसाचा कागद: एमआय रूमची (युनिटच्या दवाखान्याची) नोंद, ॲडमिशन किंवा डिस्चार्ज स्लिप. तारीख आणि ठिकाण दोन्ही स्पष्ट दिसायला हवं.
2. पोस्टिंगची यादी, तारखांसकट. फील्ड, हाय अल्टिट्यूड आणि काउंटर इन्सर्जन्सीचे (बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांचे) काळ वेगळे लिहा. रक्तदाबाच्या बाबतीत तो फील्डमध्ये असताना दिसला की शांत ठिकाणी, यावर बोर्डाचं मत बरंच झुकतं.
3. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल. त्यात हा आजार नोंदलेला नसेल, तर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच.
4. हृदयविकार असेल, तर झटक्याआधीच्या 14 दिवसांच्या कामाचा तपशील युनिटकडून लेखी. हा कागद वेळेवर नाही मागितला, तर पुढे कुणी शोधून देत नाही. युनिट हलतं, बाबू बदलतात.
5. कमांडिंग ऑफिसरच्या निवेदनात ड्यूटीचं स्वरूप नीट उतरलंय का, याची चौकशी. नुसतं 'सामान्य ड्यूटी' लिहिलं गेलं, तर बर्फातली तीन वर्षं कुठेच दिसत नाहीत.

बोर्डाचा दिवस

बोर्डाच्या फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-16. त्यात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. एक प्रश्न विचारतो, भरतीपूर्वी हा त्रास होता का. दुसरा विचारतो, सेवेतल्या कुठल्या प्रसंगामुळे आजार झाला किंवा वाढला असं तुम्हाला वाटतं. घाईत पुष्कळ जण दुसऱ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहून मोकळे होतात. मग वरचे अधिकारी तेच 'नाही' दाखवून म्हणतात, जवानानं स्वतःच काही सांगितलेलं नाही. तिथे ठिकाण, महिना, वर्ष आणि काम लिहा: अमुक चौकी, अमुक काळ, रात्रपाळी, औषध मिळायला झालेला उशीर. जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडा आणि 'सोबत कागद जोडला आहे' असं फॉर्मवर लिहा. 'घरात कुणाला मधुमेह आहे का?' असं विचारलं तर खरं सांगा, पण ठाऊक नसेल तर अंदाजानं 'हो' म्हणू नका.

दोन आजारांचे टक्के सरळ बेरजेनं धरत नाहीत. 30 आणि 20 मिळून 50 व्हायला हवेत असं वाटतं, पण संयुक्त आकडा त्याहून कमी येतो.

बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत लेखी मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे.

पैशांचा हिशेब

आजार सेवेशी जोडलेला मानला आणि इनव्हॅलिड झालात, तर सर्व्हिस एलिमेंट (सेवेचा भाग) आणि डिसॅबिलिटी एलिमेंट असे दोन भाग मिळतात. रिलीज बोर्डानं बाहेर पडलात, तर किमान 20 टक्के लागतात. 100 टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, बाकी त्या प्रमाणात. वेतन 40,000 धरलं तर 100 टक्क्यांचे 12,000 आणि 30 टक्क्यांचे 3,600. पण ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्के वरच्या टप्प्यावर नेऊन धरण्याच्या पद्धतीत, 50 पेक्षा कमी असेल तर 50 धरतात, त्यापुढे 75 पर्यंत 75 आणि त्याहून वर 100. म्हणजे 3,600 चे 6,000 होतात, वर महागाई भत्ता. रिलीज बोर्डानं सुटलेल्यांनाही हा लाभ आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा राम अवतार प्रकरणातला डिसेंबर 2014 चा निर्णय आहे.

हा हिशेब जुन्या नियमांचा. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स (पेन्शनच्या हक्काचे नियम) लागू आहेत आणि एलिमेंटचं नावही इम्पेअरमेंट रिलीफ झालं आहे. म्हणून आधी सेवा सुटल्याची तारीख बघा, मग नियम.

शेरा नकारार्थी असेल, म्हणजे आजार सेवेशी जोडलेला मानला नसेल, आणि 10 वर्षं झाली असतील, तर इनव्हॅलिड पेन्शन आहे. अग्निवीरांना यातलं काहीच लागू नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं, तरच 100, 75 किंवा 50 टक्क्यांना 44, 25 किंवा 15 लाख अशी एकरकमी भरपाई आहे.

नावांचा घोळ

इंदूरच्या मराठी घरांत हा हटकून होतो. सर्व्हिस बुकात 'संजय दत्तात्रय जोशी', आधारवर नुसतं 'संजय जोशी'. बायको माहेरची सुनीता, सासरची स्नेहा. बँकेत एक नाव, पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या वैयक्तिक नोंदींच्या लष्करी आदेशात) दुसरं. स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर हे जुळत नाही आणि पेन्शन अडकते, पुढे फॅमिली पेन्शनला तर जास्तच. अजून युनिटमध्ये असाल, तर पार्ट टू ऑर्डर तिथेच दुरुस्त करून घ्या. घरी परतल्यावर शपथपत्र, आधार आणि लग्नाचा दाखला जोडून रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. सिग्नल्सचं रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला, महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. इंदूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज भरायला मदत करतं, पण तिथला कारभार हिंदीत चालतो आणि निर्णय रेकॉर्ड ऑफिसचाच असतो.

नकार आला तर

नकाराचं पत्र मिळाल्यापासून 6 महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर पुढच्या 6 महिन्यांत दुसरं. अपिलात आपली कहाणी लांबवू नका. भरतीच्या वेळी आजार नव्हता, पहिली नोंद अमुक पोस्टिंगमध्ये, बोर्डानं 'सेवेशी संबंध नाही' म्हणताना कारण दिलेलं नाही, एवढे मुद्दे कागदांसकट मांडा. बिनकारणाच्या शेऱ्यावर 2013 चा धरमवीर सिंग निकाल कामी येतो. तो जवान फिट्समुळे बाहेर पडला होता. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत जडला असं धरावं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असं न्यायालयानं म्हटलं. मात्र नवे नियम लागू असलेल्यांनी फक्त या निकालावर विसंबू नये.

अपील स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवा. उत्तरच आलं नाही, तर पुढे मुदत मोजायला तीच लागते.

यानंतरची पायरी सशस्त्र बल न्यायाधिकरणाची, म्हणजे सैनिकांच्या तक्रारींसाठीच्या न्यायपीठाची. मध्य प्रदेशचं खंडपीठ जबलपूरला आहे, आणि इंदूरहून रात्रीची ओव्हरनाईट एक्सप्रेस सोयीची पडते. वडोदऱ्याच्या नातेवाइकांनी सांगितलेला मुंबई खंडपीठाचा पत्ता आपल्याला उपयोगाचा नाही, तो गुजरातसाठी. अंतिम नकारानंतर 6 महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर माफ होऊ शकतो, पण अशा अनेक प्रकरणांत थकबाकी अर्जाआधीच्या 3 वर्षांपुरतीच मिळाली आहे. वकील ठरवताना आधी विचारा, सैन्याच्या पेन्शनची प्रकरणं चालवली आहेत का. जिल्हा कोर्टातला ओळखीचा वकील फी कमी घेईल, पण एएफएमएसएफ-16 कुठून वाचायला लागायचं हे त्याला तुम्हालाच सांगावं लागेल.