पोरगा रिसीव्हर व्हायचं म्हणतोय: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

ॲन आर्बर, कोलंबस किंवा वेस्ट लाफायेटसारख्या विद्यापीठाच्या गावात राहायला आलात, तर सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंतचे शनिवार आपले नसतात, अमेरिकन फुटबॉलचे असतात, हे आधी मान्य करा. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमताच 1,07,601 आहे. घरचा सामना असेल त्या दिवशी किराणा सकाळी लवकर आणून ठेवायचा आणि गाडी बाहेर काढायची नाही. एवढं कळलं की शेजारपाजारी निभतं. खरा प्रश्न पुढे येतो, नववीतला मुलगा "मला टीममध्ये जायचंय" म्हणतो तेव्हा.

आपली मुलं अंगाने बहुधा सडपातळ आणि पायाने चपळ. कोच अशा मुलाला वाइड रिसीव्हरच्या, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांच्या रांगेत उभा करतो आणि महिन्याभरात किक झेलायला मागे पाठवतो. पालकांना ही दुय्यम कामगिरी वाटते. तसं समजू नका. रिसीव्हरच्या जागेसाठी पाच-सहा मुलं झगडत असतात. पंट, म्हणजे समोरच्या संघाने हातातून सोडून पायाने लांब उडवलेला चेंडू, झेलून हातात ठेवणारा मात्र शाळेत जेमतेम एखादा सापडतो. नवख्या मुलाला मैदानात उतरायला हीच सगळ्यात जवळची वाट आहे, आणि कॉलेजातही पहिल्या वर्षी तीच असते.

खेळ समजून घ्यायला सुरुवातीला थोडंच पुरतं. मैदान 100 यार्डांचं, दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचे एंड झोन; समोरच्याच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाउन. प्रत्येक बाजूला 11 जण. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला. रिसीव्हर तीन जातींचे. एक्स चेंडू ठेवलेल्या रेषेवरच उभा असतो, त्यामुळे बचावपटू त्याला सुरुवातीलाच छातीवर धरतो. त्याला ताकद लागते. झेड रेषेच्या जरा मागे, त्याला श्वास घ्यायला जागा मिळते. स्लॉट आतल्या बाजूला असतो, आणि सडपातळ मुलं बहुतेक तिथेच खपतात. धावण्याच्या वाटांना, म्हणजे रूटना, आकडे असतात. ढोबळमानाने सम आकडा आत वळतो, विषम आकडा बाहेर: 2 म्हणजे स्लँट, 5 म्हणजे आउट, 6 म्हणजे डिग, 7 कॉर्नर, 8 पोस्ट आणि 9 सरळ धूम. नावं टीमगणिक बदलतात, पण हा सांगाडा पाठ असला की मुलगा पहिल्या आठवड्यात बावचळत नाही.

झेलाचं तंत्र सोपं, पण सवय कठीण. छातीच्या वर आलेल्या चेंडूला दोन्ही अंगठे एकमेकांजवळ, कमरेखाली आलेल्याला करंगळ्या जवळ. चेंडू हातात शिरेपर्यंत डोळे त्यावरच. बहुतेक झेल सुटतात ते मुलगा अर्धा क्षण आधीच पुढे पळायचं बघतो म्हणून. झेलल्यावर चेंडू बगलेत दाबायचा: टोकावर बोटं, मग तळवा, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, दंड आणि बरगड्या. यातला एक जरी आधार सैल असला तरी मागून येणारा गडी मुठीने चेंडू उडवतो.

आता रिटर्नरचं, म्हणजे किक झेलून उलटं धावणाऱ्याचं काम. किकऑफ (खेळ सुरू करताना जमिनीवरून मारलेली किक) आणि पंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे नियम उलटे आहेत. बहुतेक घोळ इथेच होतात. किकऑफ 10 यार्ड पुढे गेला की तो दोन्ही बाजूंचा असतो. रिटर्नरने तो जमिनीवर सोडून दिला तर समोरचा उचलतो आणि चेंडू त्यांचा. पंट मात्र रिटर्नरने हातच लावला नाही तर मारणाऱ्या संघाला फक्त थांबवता येतो, मिळवता येत नाही. पण बोट जरी लागलं आणि चेंडू निसटला, तर तो मफ झाला. मग जो अंगाखाली घेईल त्याचा. म्हणून पंट सोडायचा असेल तर रिटर्नरने नुसतं गप्प उभं राहून चालत नाही. मोठ्याने ओरडून, हात हलवून आपल्या मुलांना चेंडूपासून लांब पळवावं लागतं, कारण त्यांच्या पोटरीला लागला तरी तो मफच.

क्रिकेटमधून आलेली मुलं इथे ठराविक चूक करतात. उंच उडालेला चेंडू हात वर करून, ओंजळीत घ्यायला जातात. पंट तसा झेलत नाहीत. कोपरं एकमेकांजवळ, पोटाशी टोपली करून चेंडू त्यात पडू द्यायचा, म्हणजे हातातून निसटला तरी छातीला लागून थांबतो. चेंडू वर असताना त्याचं नाक बघायचं: नाक खाली वळलं तर चेंडू लांब जातो, वरच राहिलं तर अलीकडे पडतो. डाव्या पायाने मारलेला पंट उलट बाजूला वाहतो. शाळेत डावखुरा पंटर क्वचितच भेटतो, म्हणून सरावात मुद्दाम एखादा शोधून आणावा.

चांगला पंट हवेत चार सेकंदांहून जास्त असतो. तेवढ्या वेळात एक निर्णय होतो. चेंडू सर्वांत वर पोहोचला की एकच झटकी नजर खाली टाकायची: दोन्ही बाजूंनी धावत येणारे गनर किती लांब आहेत? पाच यार्डांच्या आत कोणी असेल तर फेअर कॅच, म्हणजे आपण धावायचं नाही आणि झेलताना समोरच्यांनी अंगावर यायचं नाही. एक हात डोक्याच्या वर पूर्ण ताणून, एकापेक्षा जास्त वेळा आडवा हलवायचा. अर्धवट हात वर केला तर कॉलेजच्या नियमात तो अवैध संकेत ठरतो आणि झेलल्यावर चेंडू तिथेच थांबतो. म्हणजे धावताही येत नाही आणि फेअर कॅचचं संरक्षणही मिळत नाही. उन्हासाठी कपाळावर हात धरायची सवय असलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. दुसरा दंडक जुना आणि पक्का: टाचा आपल्या 10 यार्डांच्या रेषेवर ठेवून उभं राहायचं आणि त्याच्या मागे जाणारा पंट सोडून द्यायचा. तो बहुधा एंड झोनमध्ये जातो आणि टचबॅक मिळतो, म्हणजे आपल्या संघाला ठरलेल्या रेषेवरून चेंडू मिळतो. मागे मागे सरकत झेलून, मग वळसा घेताना स्वतःच्याच गोलरेषेआड पकडलं गेलं तर सेफ्टी: दोन गुण गेले आणि वर चेंडूही गेला.

शाळेचे आणि कॉलेजचे नियम एक नाहीत, आणि मुलाला हे कॉलेजच्या पहिल्या सामन्यात कळलं तर उशीर झालेला असतो. बहुतेक राज्यांत (टेक्सास सोडून, तिथे कॉलेजचेच नियम चालतात) शाळेत किकऑफ 40 यार्डांवरून मारतात आणि चेंडू गोलरेषा ओलांडताच मृत होतो, टचबॅक 20 वर. एंड झोनमधून धावत बाहेर येण्याचा प्रश्नच नाही. कॉलेजात किक 35 वरून, आणि एंड झोनमध्ये झेललेला चेंडू बाहेर काढायचा की गुडघा टेकायचा हे रिटर्नर ठरवतो. टचबॅकला 25 यार्डांची रेषा मिळते, आणि 2018 पासून 25 च्या आत फेअर कॅच घेतला तरी 25 च. म्हणजे दोन-चार यार्ड आतून धाव काढून 19 वर पडणारा मुलगा टीमचं नुकसानच करतो, प्रेक्षक कितीही ओरडले तरी. कॉलेजात झेलताना एक पाय आत असला तरी पुरतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये दोन लागतात.

ही वाट कुठवर जाते ते पाहायचं असेल तर डेस्मंड हॉवर्डची कारकीर्द वाचा. क्लीव्हलंडचा, शाळेत टेलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. मिशिगनमध्ये त्याला रिसीव्हर केलं. 1991 च्या हंगामात त्याने 19 टचडाउन झेलले, ओहायो स्टेटविरुद्ध 93 यार्डांचा पंट परत आणला आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी घेतली. 1992 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, वॉशिंग्टनने त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं. पुढे मात्र रिसीव्हर म्हणून तो फारसा चालला नाही. तीन हंगामांनी वॉशिंग्टन सुटलं, एक वर्ष जॅक्सनव्हिलमध्ये गेलं. 1996 मध्ये ग्रीन बेने त्याला रिटर्नर म्हणून घेतलं. त्या हंगामात त्याने पंट रिटर्नचे 875 यार्ड काढले आणि जानेवारी 1997 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक अजिंक्यपदाच्या सामन्यात, न्यू इंग्लंडविरुद्ध 99 यार्डांचा किकऑफ परत आणून सामनावीर ठरला. स्पेशल टीमच्या, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळाला. ड्राफ्टमध्ये नाव रिसीव्हर म्हणून लागलं, पण भाकरी रिटर्ननेच दिली.

धोक्याचं झाकून ठेवण्यात अर्थ नाही. किकऑफमध्ये दोन्ही बाजूंची मुलं पूर्ण वेगात समोरासमोर येतात. म्हणूनच हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगने 2016 मध्ये किक 40 वर नेली आणि टचबॅक 20 वर आणला, म्हणजे धावाच कमी व्हाव्यात. डोक्याला मार लागल्यानंतर मुलगा "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याच दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. शाळेचा विमा बहुतेक ठिकाणी तुमच्या विम्यानंतर लागतो, तेव्हा आपल्या पॉलिसीतला डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, आधीच पाहून ठेवा. हेल्मेट आणि पॅड शाळा देते. बूट, हातमोजे आणि माउथगार्ड तुमचे.

आता कागद. चांगली मुलं खेळात कमी आणि इथे जास्त अडकतात. डिव्हिजन 1, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या पायरीसाठी नववीपासून 16 कोर (मुख्य शैक्षणिक) विषय लागतात, त्यांची सरासरी 4 पैकी किमान 2.3 हवी, आणि त्यातले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले हवेत. त्या 10 पैकी 7 इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. एसएटीची सक्ती 2023 पासून गेली. नवीन आलेल्या मुलाला शाळेचा काउन्सेलर कधी कधी सोप्या, रिमेडिअल वर्गात टाकतो. तो वर्ग कोर म्हणून मोजला जात नाही. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकलं की मान्य विषयांची यादी दिसते, ती विषय निवडण्याआधी बघा. नववी-दहावी महाराष्ट्रात झाली असेल तर दोन्ही वर्षांचे शाळेचे निकाल आणि बोर्डाची गुणपत्रिका लागते. मराठीत असेल त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. शाळेचा शिक्का घ्यायला मामाला पुण्यात चकरा मारायला लावण्यापेक्षा निघतानाच प्रती घेऊन या.

कॉलेजच्या कोचला मुलाने ईमेल कधीही करावी. डिव्हिजन 1 चा कोच अकरावीच्या 1 सप्टेंबरपर्यंत खाजगी उत्तर देऊ शकत नाही, म्हणून शांततेचा अर्थ नकार असा घेऊ नका. हडल या खेळाच्या चित्रफितींच्या वेबसाइटवर तीन-चार मिनिटांची चित्रफीत ठेवा, सर्वांत चांगल्या धावा पहिल्या वीस सेकंदांत. गाणं नको. त्यात एक फेअर कॅच आणि एक समजून सोडलेला पंटही घाला. रिटर्नर शोधणारा कोच तेच बघतो. जूनमध्ये विद्यापीठांची शिबिरं असतात, तिथे 40 यार्डांच्या धावेची वेळ घड्याळावर लागते.

प्रवेश मिळाल्यावर पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. चारपर्यंत सामने खेळूनही वर्ष वाचवता येतं, त्याला रेडशर्ट म्हणतात. डिव्हिजन 3 आणि आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नाही. खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती मान्य केलेल्या विद्यापीठांत टीम 105 जणांची झाली, त्यामुळे शिष्यवृत्तीविना टीममध्ये शिरणाऱ्या वॉक-ऑन मुलांना जागा आणखी आखडली. जागा मिळाली नाही तर दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी नाव नोंदवायचं ट्रान्स्फर पोर्टल आहे, पण त्यात नाव टाकलं की जुनी शिष्यवृत्ती टिकेलच असं नाही, हे आधी लेखी विचारून घ्या.

शेवटचा मुद्दा फक्त आपल्या लोकांचा. एच-4 (पालकांच्या एच-1बीवर अवलंबून) किंवा एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या मुलाला खेळाची शिष्यवृत्ती घेता येते, पण फेडरल आर्थिक मदत नाही. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना नाव आणि चेहरा विकून पैसे घेता येतात, आणि आता विद्यापीठही थेट पैसे देतं. सोबतचे सहकारी घेतात म्हणून तुमच्या मुलाने सही करायची नाही. एच-4 वर काम करता येत नाही, एफ-1 वर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय नाही, आणि जाहिरातीचा एक व्हिडिओसुद्धा काम धरला जाऊ शकतो. स्टेटस गेलं तर खेळही गेला. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय मोफत बुटांचाही करार करू नका. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर मुलगा 21 चा होतो तेव्हा एच-4 संपतो, आणि तो वाढदिवस बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या हंगामात येतो. एफ-1 चा अर्ज त्याच्या आधीच्या वर्षी, हंगाम संपताच सुरू करा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि टीमच्या कम्प्लायन्स (नियमपालन) अधिकाऱ्याला एकाच ईमेलमध्ये घ्या, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.