रक्तरंजित म्युझिकल किशोरवयीन मुलांना दाखवायचा का? ठरवताना या चुका टाळा

गाणी आहेत म्हणजे घरच्यांसोबत बसून बघायचा सिनेमा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. त्यामुळे सोलापुरात "बघू दे की, गाण्याचा पिक्चर हाय" एवढ्यावर परवानगी मिळून जाते. तासाभराने पडद्यावर गळा चिरला जातो आणि मग घरातलं मोठं माणूस रिमोट शोधायला लागतं.

या लेखात उदाहरण म्हणून 2007 चा 'स्वीनी टॉड' हा इंग्रजी म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणारा सिनेमा, घेतला आहे, कारण या प्रकारातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात एकत्र सापडतात. लांबी 116 मिनिटं. लंडनमधल्या एका न्हाव्याच्या बायकोवर न्यायाधीशाची वाईट नजर पडते. न्यायाधीश न्हाव्याला खोट्या आरोपाखाली काळ्या पाण्यावर धाडतो. अनेक वर्षांनी न्हावी परत येतो, जुने वस्तरे पुन्हा हातात घेतो आणि गिऱ्हाइकांचे गळे चिरू लागतो. खालच्या मजल्यावरची खानावळवाली त्या प्रेतांचा खिमा करून तो भट्टीत भाजलेल्या पदार्थांतून लोकांना खाऊ घालते. पुढे शेवटही सांगितला आहे, कारण तो माहीत नसेल तर पालकांना निर्णय घेता येत नाही.

चूक: गाण्यामुळे हिंसा सौम्य होते असं समजणं

होतं नेमकं उलटं. आपल्या नेहमीच्या सिनेमात गाणं आलं की मारामारी थांबते, जरा श्वास घेता येतो. इथे गाण्यातूनच गोष्ट पुढे सरकते, खूनही गाण्यातच होतात. एक प्रसंग बारकाईने बघा. नायक दुरावलेल्या मुलीच्या आठवणीत हळुवार चालीवर गात असतो. त्याच वेळी एकामागून एक गिऱ्हाईक खुर्चीत येऊन बसतं, मान मागे टाकतं आणि वस्तरा फिरतो. गाणाऱ्याचा आवाज चढत नाही, चेहऱ्यावर राग नसतो. पायाने कळ दाबली की खुर्ची मागे कलंडते आणि प्रेत झडपेतून तळघराच्या फरशीवर डोक्यावर आपटतं. रक्त मुद्दाम भडक, रंगासारखं दाखवलेलं आहे, ते एक वेळ पचतं. पण फरशीवर डोकं आपटल्याचा तो आवाज पचत नाही, आणि मुलांच्या लक्षात बहुधा तोच राहतो.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. चाल गोड असल्यामुळे बघणारा नकळत खुन्याच्या बाजूने जातो. सोळा-सतरा वर्षांचं मूल स्वतःला विचारू शकतं, "मला याची दया का येतेय?" हा प्रश्न पडणं हीच या सिनेमाची ताकद आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी तो प्रश्न बहुतेकांना पडत नाही. चाल तेवढी तोंडात बसते आणि चित्रं डोक्यात.

चूक: "यांनी याहून जास्त बघितलंय"

सोलापूरच्या पूर्व भागात काय आणि जुळे सोलापूर या उपनगरात काय, तेलुगू ॲक्शनपट मुलांच्या रोजच्या बघण्यातले. एका फटक्यात दहा माणसं हवेत उडतात, तलवारी चालतात, रक्त उडतं. पोवाड्यात अफजलखानाचा कोथळा तर आपण लहानपणापासून ऐकतो. मग वस्तऱ्याचंच एवढं काय?

फरक तीन गोष्टींचा आहे. पोवाड्यात चित्र ऐकणाऱ्याच्या मनात तयार होतं आणि मन स्वतःला झेपेल तेवढंच रंगवतं, कॅमेरा मात्र ती सवलत देत नाही. ॲक्शनपटात मरणारे बहुतेक बिनचेहऱ्याचे गुंड असतात आणि मारणारा न्यायाच्या बाजूने उभा असतो. इथे मरतो दाढी करायला आलेला साधा माणूस, ज्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे जागा. रणांगण मुलांच्या आयुष्यात नसतं, सलून असतं. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरगा पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीसाठी मान मागे टाकून बसतो. गळ्याला साबणाचा थंडगार फेस लागतो, वरून वस्तरा येतो. सिनेमातली भीती नेमकी तिथे येऊन बसते.

म्हणून आधी किती रक्त पाहिलंय यावरून अंदाज बांधू नका. ओळखीच्या जागेत आणि जवळून दाखवलेली हिंसा त्याने कधी पाहिली आहे का, पाहिली तेव्हा काय झालं, ते आठवा.

चूक: फक्त रक्त मोजणं

पालक गळे मोजतात आणि बाकीचं निसटतं. याच सिनेमात न्यायाधीश एका लहान मुलाला फाशी सुनावतो. नायकाच्या बायकोवर मुखवटे घातलेल्या पाहुण्यांच्या भर मेजवानीत अत्याचार होतो. तो थेट दाखवलेला नाही, पण आजूबाजूचे लोक हसत असतात. नायकाच्या ज्या मुलीचा पालक म्हणून तो न्यायाधीश मिरवतो, तिला तो भिंतीतल्या छिद्रातून बघतो आणि तिच्याशीच लग्न करू पाहतो. एका पोरक्या मुलाला मारहाण होते, त्याला जिन ही दारू पाजली जाते. शेवटी खानावळवाली जिवंतपणी भट्टीत ढकलली जाते आणि नायकाचा गळा चिरतो तो हाच मुलगा.

तेरा-चौदा वर्षांच्या प्रेक्षकाला पडद्यावर आपल्या वयाचं कोण दिसतं, तर तो पोरका मुलगा आणि न्यायाधीशाने कोंडलेली ती मुलगी. त्यामुळे घरातल्या मुलीसोबत बसताना गळे चिरण्यापेक्षा त्या छिद्रातून बघणाऱ्या नजरेबद्दल बोलायची तयारी जास्त लागते. माणसाच्या मांसाचा भाग तर काही मुलं हसून सोडून देतात, पण काहींचा खिमा पुढे महिनाभर सुटतो. शाकाहारी घरातल्या मुलाला शिसारी अधिक येऊ शकते.

चूक: प्रमाणपत्राचं अक्षर बघून निर्णय घेणं, किंवा ते न बघणं

चित्रपटगृहात 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा 18 वर्षांखालच्या कुणालाही बघता येत नाही, आईवडील सोबत असले तरी. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर 'यूए' चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे, तीन भाग झाले: 7+, 13+ आणि 16+. ओटीटीवर मात्र सेन्सॉर बोर्ड नसतं. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्म स्वतःच वयोगट ठरवतो, सोबत हिंसा, भाषा वगैरेचा इशारा देतो आणि 13+ पासून पुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

परदेशी रेटिंग वाचताना घोळ होतो. 'स्वीनी टॉड' ला अमेरिकेत 'आर' मिळालं, म्हणजे 17 वर्षांखालच्यांना मोठ्या माणसासोबत प्रवेश. ब्रिटनमध्ये त्यालाच '18' मिळालं, म्हणजे त्याखालच्यांना प्रवेशच नाही. सिनेमा एक आणि निकाल दोन. "माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने मजेत पाहिला" असं लिहिणारा अमेरिकन पालक तिथल्या सवलतीत बसून लिहीत असतो, हे ध्यानात ठेवा.

"ज्या नाटकावरून हा सिनेमा आला ते तर अमेरिकेत शाळेत करतात" हा युक्तिवादही टिकत नाही. तिकडे शाळांसाठी मूळ नाटकाची काटछाट केलेली वेगळी आवृत्ती आहे. शिवाय विसाव्या रांगेतून दिसणारा रंगमंच आणि पडदाभर गळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चूक: ट्रेलरवर भिस्त ठेवणं

ट्रेलर तिकीट विकण्यासाठी असतो. स्वतः आधी बघण्याला पर्याय नाही, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते. पहिली वीस मिनिटं सलग बघा, सूर कळतो. मग पहिला खून गाठा आणि तिथून पुढची दहा मिनिटं पुढे न ढकलता बघा. शेवटची वीस मिनिटं पूर्ण बघा, कारण सगळ्यात वाईट तिथेच असतं. आवाज नेहमीचाच ठेवा. म्यूट करून पाहिलं तर हाडांचा आणि फरशीचा आवाज राहून जातो आणि अंदाज चुकतो. बघताना कागदावर प्रसंगाची वेळ आणि दोन शब्द लिहून ठेवा, उदाहरणार्थ "मेजवानी, अत्याचार, थांबून बोलणे".

भाषेकडे सहसा कुणी बघत नाही. अशा सिनेमांत गाणी बहुधा मूळ इंग्रजीतच राहतात, खाली उपशीर्षकं येतात. जलद इंग्रजी वाचता न येणाऱ्या मुलाला शब्द कळत नाहीत. उपरोध कळत नाही, खुन्याचं दुःखही पोचत नाही. उरतं ते नुसतं रक्त. दहा मिनिटांची चाचणी घ्या: एक गाणं दाखवा, थांबवा आणि काय चाललंय ते विचारा. मुलाने फक्त "मारतोय" एवढंच सांगितलं तर अजून वर्षभर थांबा.

मग कितव्या वर्षी?

आमचं मत स्पष्ट आहे. असा सिनेमा 13 च्या आत नाही. 13 ते 15 मध्येही नाहीच म्हणा. 16 नंतर, मोठं माणूस शेजारी बसून, आणि मूल स्वतः तयार असेल तर. अलीकडे घरात कुणाचा अपघाती किंवा हिंसक मृत्यू झाला असेल, मुलावर अत्याचार झालेला असेल किंवा त्याने स्वतःला इजा करून घेतली असेल, तर सतरा वर्षांच्यालाही दाखवू नका. वस्तऱ्याची इतकी जवळून चित्रं त्याच्यासाठी धोक्याची आहेत.

नाही म्हणताना हातात दुसरं काहीतरी ठेवा. काळोखाची गोडी असलेल्याला 'कॉर्प्स ब्राइड' (2005) किंवा 'इन्टू द वुड्स' (2014) चालेल, दोन्हींना अमेरिकेत 'पीजी' आहे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघावा. त्यापुढची पायरी 'ले मिझेराब्ल' (2012), 'पीजी-13', म्हणजे 13 खालच्यांबाबत पालकांनी जास्त जपून ठरवावं. तो 158 मिनिटांचा आहे, तेव्हा मध्यंतर आपणच करा.

चूक: एकच खोली आणि उघडं प्रोफाइल

ज्या घरात एकच खोली आहे तिथे "धाकटीला आत पाठवा" हा सल्ला कामाचा नाही. धाकटी भावंडं शाळेत किंवा मामाकडे असतील अशी दुपार निवडा. ते जमत नसेल तर इयरफोन लावून मोबाइलवर बघू देण्यापेक्षा बेत पुढे ढकला, कारण शेजारी बसून बघणं हेच तर यातलं मुख्य काम आहे. रात्री जेवताना किंवा झोपायच्या आधी लावू नका. संपल्यावर झोपेपर्यंत किमान दोन तास मोकळे हवेत.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की मुलं दिवसभर घरात असतात आणि मोठी माणसं कामावर. तेव्हा कुलूप लागतं. नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून अकाउंट उघडा, मुलाचं प्रोफाइल निवडून पेरेंटल कंट्रोल्समध्ये वयोगट ठरवा. हवा तर तो एक सिनेमा नावानिशी बंद करता येतो. पण नेहमीची चूक पुढेच आहे: मुलाचं प्रोफाइल बंदिस्त आणि वडिलांचं सताड उघडं. मोठ्यांच्या प्रोफाइललाही 4 आकडी पिन लावा, आणि तो गाडीच्या नंबरातला किंवा जन्मसालाचा नको. मग टीव्हीवरचं ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि कुलूप खरंच लागलंय का ते तपासा.

मध्येच बिनसलं तर

मूल गप्प झालं, गळ्याला हात लावायला लागलं किंवा विनाकारण हसायला लागलं, तर थांबवा. हसणं म्हणजे मजा वाटतेय असं नाही, घाबरलेली मुलंही हसतात. "घाबरलास होय!" म्हणू नका, पुढच्या वेळी ते काही सांगणारच नाही. दिवा लावा, पाणी द्या आणि तो गळा कसा केला असेल यावर बोला: लपवलेली नळी, पंप, रंगवलेलं पाणी, धार नसलेला वस्तरा. पुढे काय होतं ते चार वाक्यांत सांगून टाका, कारण अर्धवट सोडलेला शेवट मूल मनात जास्त भयंकर करून बसतं.

मित्राकडे आधीच बघून आला असेल तर ओरडण्याआधी "कुठला प्रसंग डोक्यातून जात नाही?" एवढंच विचारा आणि ऐका. दोन-चार रात्री झोप उडणं चालतं. दोन-तीन आठवडे स्वप्नं पडत राहिली, सलूनला जायला नकार आला, जेवण कमी झालं, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालू असते, तिथे पालकांनाही बोलता येतं.