खाणीजवळ शेती असेल तर आधी धातू कुठला ते शोधा, उपाय नंतर

खाणीच्या आसपास जमीन असली की बहुतेक लोक पिकाकडे बघून अंदाज लावतात, पीक चांगलं म्हणजे माती चांगली. जस्त, तांबं, निकेल यांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरंय, कारण ते जास्त झालं की पीकच आधी खुरटतं, पिवळं पडतं आणि माणसाच्या पोटात जाईपर्यंत वेळ येत नाही. पण कॅडमियम असलं की झाड ते मुकाट्याने मुळातून उचलतं, पानात नि दाण्यात साठवतं आणि दिसायला एकदम टवटवीत. तपासल्याशिवाय कळतच नाही.

आणि 'जड धातू' म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो (खाली सांगतो). कॅडमियम किडनीत जाऊन बसतं आणि साठलेल्यातलं अर्धं बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षं लागतात. जपानच्या तोयामा भागात कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्यातून भातशेतीत आलं, तांदळातून लोकांच्या शरीरात गेलं, किडन्या निकामी झाल्या, हाडं इतकी ठिसूळ झाली की जरा हालचाल झाली तरी मोडायची, आणि जास्त करून वयस्कर बायकांना हे झालं. सरकारने ते मान्य केलं १९६८ ला. नंतर शेतातली माती बदलायचं काम सुरू झालं, त्यालाच ३० वर्षांच्या वर लागली.

शिशाचं उलटं आहे, ते मुळातून फारसं वर चढत नाही, धूळ म्हणून पानावर, कंदावर, हातावर, घरात येतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर वार करतं, त्याची सुरक्षित अशी पातळी कुणालाच सापडलेली नाही. नायजेरियातल्या झाम्फारा भागात २०१० मध्ये सोन्याचं खनिज घराजवळ दळल्यामुळे शेकडो लहान मुलं दगावली, विषय होता फक्त धुळीतल्या शिशाचा. आर्सेनिकने वर्षानुवर्षांनी त्वचेवर डाग, घट्टे, नंतर त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कॅन्सर. पारा सोन्याच्या छोट्या खाणींकडे आणि जुन्या पाऱ्याच्या खाणींकडे सापडतो, पाणी साचलेल्या भातखाचरात त्याचा मिथाइल पारा (पाऱ्याचं जास्त विषारी रूप) होतो आणि तो दाण्यात उतरतो, म्हणजे पारा फक्त माशातून येतो असं नाही.

आता काम. पहिले शेतात फिरून धातू येतो कुठून ते बघा. ओढ्याच्या तळाला नारिंगी, गंजासारखा गाळ बसत असेल तर खाणीतलं आम्लयुक्त पाणी येतंय समजा. कचऱ्याचे ढिगारे कुठे आहेत, वारा कुठून कुठे वाहतो, पुराचं पाणी कुठल्या वावरात शिरतं, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की खाणीतली माती रस्त्याला, अंगणात भरायला वापरली होती का. बंद पडलेली खाण म्हणजे धोका संपला असं अजिबात नाही, उलट तिकडे लक्ष द्यायला कोणी नसतं.

मग नमुने. वावरात नागमोडी फिरत १०-१५ ठिकाणची वरच्या २० सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या आणि एकत्र करून अर्धा किलो ठेवा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची बादली, गंजकं खुरपं नको, प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील घ्या. पाणी शिरतं तिथला, पुराचा गाळ बसतो तिथला आणि घराजवळच्या भाजीच्या वाफ्यातला नमुना वेगळा ठेवा, सगळं मिसळलं तर वाईट तुकडा सरासरीत लपून जाईल. लॅबमध्ये जाऊन नुसतं 'माती तपासा' म्हणू नका, नेहमीच्या तपासणीत नत्र, स्फुरद, पालाश बघतात, कॅडमियम-शिसं बघतच नाहीत. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा नावं घेऊन सांगा, सोबत सामू (pH) पण. आणि शक्य असेल तर पिकाचा खायचा भाग पण तपासा, खरं उत्तर तिथे मिळतं. कोडेक्सची (अन्नाचे आंतरराष्ट्रीय मानदंड) मर्यादा कॅडमियमसाठी पॉलिश तांदळात किलोमागे ०.४ मिलिग्रॅम, पालेभाजीत ०.२, शिशासाठी पालेभाजीत ०.३ आहे, तुमच्याकडचा नियम वेगळा असू शकतो तो बघा.

रिपोर्ट आला की मगच हात लावा. कॅडमियम असेल तर चुना टाकून सामू ६.५ ते ७ पर्यंत आणा, भातात पाणी राहू द्या, जमिनीत जस्त कमी असेल तर ते भरून काढा, खारं पाणी टाळा. पण आर्सेनिक असेल तर साचलेलं पाणीच त्याला मोकळं करतं, मध्ये मध्ये खाचर कोरडं करावं लागतं, आणि ते केलं की कॅडमियम वाढतं. स्फुरद शिशाला बांधून ठेवतं पण आर्सेनिक सोडवतं. कॅडमियम आणि आर्सेनिक दोन्ही असतील तर भाताचा हट्ट सोडा. पालेभाज्या, सूर्यफूल, तंबाखू कॅडमियम ओढतात, मका नि शेंगवर्गीय पिकं त्यामानाने कमी ओढतात. फारच वाईट असेल तर फुलं, कापूस, लाकूड, खाण्याचं काही नाही. झाडं लावून जमीन स्वच्छ करा असे व्हिडिओ फिरतात, त्याला अनेक वर्षं लागतात आणि ती झाडं जनावराला घातली किंवा खतात टाकली तर सगळं परत तिथेच!

स्वयंपाकघरात : धुण्याने, सोलण्याने शिशाची धूळ जाते, आतलं कॅडमियम जात नाही. तांदूळ भरपूर (स्वच्छ) पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलं तर आर्सेनिक बरंच कमी होतं. तिथे चरणाऱ्या जनावराची कलेजी, किडनी खाऊ नका. लोह, कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात शिसं नि कॅडमियम जास्त शोषलं जातं, त्यामुळे मुलं आणि गरोदर बायकांकडे आधी बघा. शेतातले बूट-कपडे घराबाहेर, फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

डॉक्टरकडे गेलात तर शिशासाठी रक्त, कॅडमियमसाठी लघवीची तपासणी सांगा, केसांच्या तपासणीवर फार विसंबू नका. मुलाच्या रक्तात शिसं डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर ते कुठून येतंय ते शोधून बंद करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डिटॉक्सचे चहा, पावडरी यांच्यावर पैसे घालवू नका, आणि शिसं बाहेर काढायची औषधं असतात पण ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच, शिवाय मूल परत त्याच धुळीत खेळणार असेल तर त्यांचा काही उपयोग नाही.