कार्बाइडच्या गाळाने बॉयलरच्या धुरातील गंधक कसे रोखावे

कोळशातील गंधक जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावला की त्याचे घन क्षार होतात आणि तो हवेत जात नाही. हा चुना विकतच घेतला पाहिजे असे नाही. ॲसिटिलीन वायू तयार करणाऱ्या कारखान्यांत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकल्यावर जो राखाडी गाळ उरतो, तो बहुतांशी विरलेला चुनाच असतो. एक किलो शुद्ध कार्बाइडपासून सुमारे 1.15 किलो कोरडा चुना मिळतो.

सांगली-साताऱ्यात अशा वेळी साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा चोथा, आधी आठवतो, कारण तोही टाकाऊ आणि त्यातही कॅल्शियम असते. पण रसाच्या शुद्धीकरणात चुन्याबरोबर गंधकाचा धूरही सोडलेला असल्यास त्या कॅल्शियमचा बराच भाग आधीच गंधकाशी व फॉस्फेटशी बांधला गेलेला असतो. तो प्रेसमड शेतातच जावा, हे उत्तम.

गाळ घेण्यापूर्वी त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहावे. खड्ड्याच्या वरच्या कडक पापुद्र्यावर फेस येतो, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तिथल्या चुन्याचे कार्बोनेट झालेले असते. आतल्या मऊ गाळावर फेस जवळजवळ येत नाही. फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरला, म्हणजे ज्यात हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या कणांच्या थरात कोळसा जळतो त्याला, दोन्ही चालतात, धूर धुण्याच्या स्क्रबरला मात्र आतलाच गाळ घ्यावा.

फ्लुइडाइज्ड बेडचा हिशेब असा: कोळशात 0.5 टक्के गंधक असेल, तर एका टनातून सुमारे 10 किलो सल्फर डायऑक्साइड निघतो. तो पूर्णपणे बांधण्यास हिशेबाने 11.6 किलो कोरडा विरलेला चुना पुरतो. प्रत्यक्षात कणाचा गाभा न वापरताच राहत असल्याने दुप्पट ते अडीचपट, म्हणजे 23 ते 29 किलो धरावा. बारीक भुकटी झोताबरोबर उडून जाते, म्हणून गाळ निथळून त्याच्या लहान गोळ्या वाळवून कोळशाबरोबर टाकाव्यात आणि थराचे तापमान 850 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे.

जाळीवर कोळसा जाळणाऱ्या बॉयलरमध्ये ही पद्धत निराशा करते, कारण तिथे उष्णता 1200 अंशांच्या वर गेली की तयार झालेले सल्फेट पुन्हा फुटते. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील अशा बॉयलरधारकांनी कोळशात चुना मिसळण्यापेक्षा स्क्रबरच बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात गाळाचे पातळ, गाळून घेतलेले दूध फवारावे आणि फिरत्या पाण्याचा सामू 6 ते 7 दरम्यान राखावा; तो फार खाली गेल्यास वायू शोषला जात नाही व लोखंड गंजते, फार वर गेल्यास फवाऱ्याच्या तोट्यांवर कार्बोनेटचा थर बसतो.

ताज्या गाळात ॲसिटिलीन अडकलेला असू शकतो, त्यामुळे तो उघड्यावर साठवावा आणि जवळ ठिणगी येऊ देऊ नये. हाताळताना हातमोजे व चष्मा आवश्यक आहेत, कारण हा गाळ तीव्र अल्कधर्मी असतो. वाहतुकीपूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे 2016 च्या घातक कचरा नियमांखालील परवानगीबाबत विचारणा करावी. स्क्रबरचा चोथा ओढ्यात सोडू नये. आपल्याकडचे ओढे शेवटी कृष्णेलाच मिळतात.