काम करताना ऐकण्यासाठी गायनप्रधान जॅझ कसे निवडावे

लिहिण्यावाचण्याचे काम चालू असताना गाण्यातील शब्द लक्ष वेधून घेतात हे खरे असले, तरी त्यासाठी गायन पूर्णपणे टाळण्याची गरज नाही. अर्थहीन अक्षरांच्या आधारे गळा वाद्यासारखा फिरवणारे स्कॅट गायन निवडले, तर माणसाच्या आवाजाची ऊबही मिळते आणि मनाला अर्थ लावत बसावे लागत नाही. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड १९६० मधील बर्लिनच्या मैफलीत एका गाण्याचे शब्द मध्येच विसरतात आणि तिथल्या तिथे नवे शब्द जुळवत, जॅझ गायक व ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करत गाणे तडीस नेतात. हे ध्वनिमुद्रण विलक्षण चैतन्यमय आहे, पण पहिल्यांदा ऐकताना कामावरचा हात हमखास थांबतो (माझा तरी थांबला होता), म्हणून ते आधी एकदा निवांत ऐकावे आणि ओळखीचे झाल्यावरच कामाच्या वेळी लावावे.

लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या जॅझ गायकांच्या त्रयीचे गायन त्याहून फसवे आहे, कारण वाद्यांसाठी रचलेल्या वेगवान सुरावटींवर त्यांनी शब्द दाटीवाटीने बसवले आहेत. आकडेमोड करताना ते नकोच, कागदपत्रे लावताना मात्र उत्तम. आवाज इतपतच ठेवावा, की शब्द नीट कळू नयेत, पण झांजेवरचा झुलता ठेका जाणवत राहावा.