ध्रुवीय समुद्रातले विषाणू कसे मोजावेत: वडोदऱ्यातल्या प्रयोगशाळेसाठी तयारी

खंबातच्या आखातावरच्या कावी-कंबोईचं ओहोटीच्या वेळचं गढूळ पाणी आणि आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफियोर्डमधलं हिमनदीच्या तोंडचं पाणी, दोन्हींच्या तापमानात वीस-पंचवीस अंशांचं अंतर आहे. तरी विषाणू मोजायला बसलं की दोन्हीकडे पहिली अडचण एकच, ती म्हणजे गाळ. मातीच्या कणांना चिकटलेले विषाणू कणांआड लपतात आणि मोजणीतून निसटतात. म्हणून ध्रुवीय कामाची तयारी वडोदऱ्यात करायची असेल तर शहरातल्या सुरसागर तलावाचं पाणी हात बसवण्यापुरतं घ्या, खरी तालीम खंबातच्या आखाताच्या पाण्यावर करा. भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून याच फियोर्डच्या काठी, न्यू-ऑलेसुंडला आहे. तिथे मिळणारे दिवस मोजके असतात. चुका व्हायच्या त्या इथेच झालेल्या बऱ्या.

थंडी नेमकं काय करते

‘थंड पाणी, म्हणून विषाणू कमी’ असं गृहीत धरू नका. ध्रुवीय समुद्रातही एका मिलिलीटरला दहा लाख ते काही कोटी विषाणू सापडतात. थंडीत जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे नवे विषाणू कमी तयार होतात. पण त्याच थंडीत जुने विषाणूही सावकाश नष्ट होतात. तुम्ही मोजता तो आकडा म्हणजे या दोन्हींची शिल्लक. आकडा मोठा दिसला म्हणून संसर्ग जोरात चालू आहे असं ठरत नाही.

बर्फाचा हिशेब वेगळाच. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर ढकललं जातं आणि बर्फातल्या बारीक नळ्यांत दाट खारं पाणी साचतं. समुद्राची क्षारता (किलोला ग्रॅम मीठ) ३५ च्या आसपास असते, तर उणे १० अंशांना या नळ्यांतली क्षारता १४० च्या घरात जाते. जिवाणू आणि विषाणूही तिथेच दाटीवाटीने कोंडले जातात, त्यामुळे त्यांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की वर गोड्या पाण्याचा हलका थर बसतो. प्रकाश मिळतो, डायटम आणि फिओसिस्टिस यांसारखी प्लवकं फोफावतात, त्यांच्यामागून जिवाणू आणि जिवाणूंमागून विषाणू. दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर असूनही लोह अपुरं असल्यानं ही साखळी पहिल्याच कडीशी अडखळते. हिवाळ्यात यजमान, म्हणजे विषाणू ज्यांच्यात वाढतात त्या पेशी, विरळ होतात, तेव्हा बरेच विषाणू यजमानाच्या जनुकसंचात दडून राहतात आणि उन्हाळ्यात पेशी फोडून बाहेर येतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला हा ऋतुबदल नोंदला गेला आहे.

म्हणून वहीत तापमानाचा एकच रकाना ठेवून भागत नाही. प्रत्येक नमुन्यासोबत खोली, क्षारता, क्लोरोफिल, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, बर्फाचं आच्छादन, दिवसाची लांबी आणि जिवाणूंची संख्या लिहा. यातली जिवाणूंची संख्या सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच घ्यायची राहून जाते.

नमुना टिकवणं

९८० मायक्रोलीटर पाण्यात नमुना टिकवणारं रसायन, २५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, २० मायक्रोलीटर घाला, म्हणजे अंतिम प्रमाण ०.५ टक्के होईल. अंधारात ४ अंशांना १५ ते ३० मिनिटं ठेवा, मग कुपी थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडा आणि नंतर उणे ८० अंशांना साठवा. गुजरातेत गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन लागतो, त्यामुळे तो पुरवणारे शोधायला फार फिरावं लागत नाही. ‘आज ग्लुटाराल्डिहाइड घालू, फ्रिजमध्ये ठेवू, मोजू पुढच्या आठवड्यात’ हा बेत मात्र पक्का चुकीचा. आल्डिहाइड घातलेल्या पाण्यातले विषाणू ४ अंशांनाही दिवसागणिक कमी होत जातात, आणि तुम्ही ती घट समुद्राच्या नावावर लिहाल. कुपी एकदाच वितळवा. पुन्हा गोठवलेली कुपी मोजणीला घेऊ नका.

बर्फाचा गाभा तसाच वितळवू नका. गोडं पाणी एकदम सुटलं की खाऱ्या नळ्यांत राहिलेल्या पेशी फुगून फुटतात आणि आतलं डीएनए बाहेर सांडतं. ०.०२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलेलं, म्हणजे विषाणूरहित समुद्रजल मिसळून ४ अंशांना अंधारात सावकाश वितळू द्या आणि किती मिसळलं ते लिहून ठेवा. जीवसृष्टी बहुतेकदा गाभ्याच्या तळच्या ५ ते १० सेंटिमीटरांत एकवटलेली असते. तो तुकडा वेगळा कापा.

मोजणी

२५ मिलिमीटर व्यासाचा, ०.०२ मायक्रॉनचा अ‍ॅनोडिस्क फिल्टर घ्या. तो काचेसारखा ठिसूळ असतो, म्हणून चिमटा फक्त कडेच्या प्लास्टिकच्या कड्याला लावा. खाली ०.८ मायक्रॉनचा ओला आधार-फिल्टर ठेवा आणि निर्वात दाब २० किलोपास्कलच्या वर नेऊ नका. समुद्राचं पाणी दहापट पातळ करून ०.८ मिलिलीटर गाळा. सुरसागरचं पाणी शंभरपट पातळ करावं लागेल, नाहीतर ठिपके एकमेकांवर चढतात.

फिल्टर पूर्ण सुकला पाहिजे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो वरून कोरडा वाटतो पण आत ओल असते, आणि मग सगळं दृश्य धुरकट दिसतं. या महिन्यांत सिलिका जेलच्या डब्यात सुकवा. मग १०,००० पट दाट साठ्यातलं सायबर गोल्ड, म्हणजे डीएनएला चिकटून चमकणारा रंग, ४,००० पट पातळ करा, म्हणजे ते २.५ पट उरेल. प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये त्याचा १०० मायक्रोलीटरचा थेंब टाका, त्यावर फिल्टर पाणी गाळलेली बाजू वर ठेवून १५ मिनिटं अंधारात ठेवा आणि पुन्हा सुकवा. काचपट्टीवर बसवताना ग्लिसरॉल आणि पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर) निम्मं-निम्मं, त्यात चमक टिकवणारं ०.१ टक्के पॅरा-फेनिलीनडायअमीन, असं द्रावण वापरा. हे रसायन वडोदऱ्याच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलं तर पाहता पाहता तपकिरी होतं आणि मग चमक टिकत नाही. छोट्या कुप्यांत भरून उणे २० अंशांना गोठवा, तपकिरी झालेली कुपी फेकून द्या.

फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या प्रकाशात, १,००० पट मोठं करून, किमान २० क्षेत्रं आणि एकूण २०० हून जास्त ठिपके मोजा. अगदी बारीक हिरवे ठिपके विषाणूंचे, मोठे आणि ठसठशीत जिवाणूंचे. हिशेब असा: १६ मिलिमीटर व्यासाच्या नरसाळ्याखालचं क्षेत्रफळ २०१ चौरस मिलिमीटर, सूक्ष्मदर्शकातून दिसणारी मोजणीची चौकट ०.०१ चौरस मिलिमीटर, म्हणजे गुणक २०,१००. चौकटीत सरासरी ६० ठिपके आले आणि कोऱ्या फिल्टरवर ३, तर ५७ × २०,१०० ÷ ०.८ म्हणजे सुमारे १४.३ लाख, आणि दहापट पातळ केलं होतं म्हणून मूळ पाण्यात मिलिलीटरला सुमारे १.४३ कोटी. कोरा फिल्टर रोज एक तरी करा. त्याचा आकडा नमुन्याच्या दहा टक्क्यांच्या वर गेला तर दोष रंगाच्या द्रावणात किंवा पाण्यात आहे. त्या दिवसाची मोजणी धरू नका.

गढूळ पाण्यासाठी ५ मिलिमोलर सोडियम पायरोफॉस्फेट घालून १५ मिनिटं ठेवा. मग बर्फात ठेवून एकेक मिनिटाचे तीन सोनिकेशनचे (ध्वनिलहरींनी हलवण्याचे) फेरे द्या. त्याच पाण्याचा अर्धा भाग असं न करता मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे कणांना चिकटलेला वाटा.

नवे विषाणू किती तयार होतात

इथे उष्ण कटिबंधातली सवय नडते. पद्धत अशी की ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरवर जिवाणू राखून विषाणू धुऊन काढायचे, पाण्याची मात्रा विषाणूरहित पाण्याने पूर्ववत करायची आणि दर तीन तासांनी मोजत राहायचं. आपल्याकडच्या पाण्यात १२ तासांत रेघ चढते. ध्रुवीय पाण्यात तेवढ्या वेळात काहीच दिसत नाही आणि उत्पादन शून्य लिहिलं जातं. तिथे किमान २४ तास, शक्य तर ४८ तास चालवा. बाटली समुद्राच्याच तापमानाला ठेवा. फ्रिजचे ४ अंश म्हणजे उणे १.५ अंशांतल्या जिवाणूंना उन्हाळाच. त्यासाठी ग्लायकॉल मिसळलेला थंड कुंड लागतो. जोडीच्या बाटलीत दडलेल्या विषाणूंना बाहेर काढणारं मायटोमायसिन-सी मिलिलीटरला १ मायक्रोग्रॅम घाला. तिच्यात साध्या बाटलीपेक्षा जेवढे विषाणू जास्त निघतील, ते यजमानात दडलेल्यांपैकी. दस्ताने घाला, हे रसायन डीएनएलाच बाधतं.

वडोदऱ्यात याचा उजळणी-प्रयोग सोपा आहे. ०.२ मायक्रॉनमधून गाळलेलं आखाताचं पाणी ४, १५ आणि ३० अंशांना ठेवा, ०, १, २, ४ आणि ७ व्या दिवशी मोजा. संख्येच्या नैसर्गिक लॉगचा दिवसांशी आलेख काढा. उतार म्हणजे नाश पावण्याचा वेग. थंडीतला उतार सपाट दिसला की वरची शिल्लकेची गोष्ट डोळ्यांसमोर येते.

जनुकांसाठी पाणी आटवणं

इथे विषाणू लोहाला चिकटवून गोळा करायचे असतात. ४.८३ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवा, म्हणजे लिटरला १० ग्रॅम लोह होतं. ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेल्या २० लिटर पाण्यात आधी या द्रावणाचा १ मिलिलीटर घाला, जोरात हलवा, मग आणखी १ मिलिलीटर घालून पुन्हा हलवा. तासाभराने १ मायक्रॉनच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर गाळा आणि फिल्टर ४ अंशांना अंधारात ठेवा. नंतर एस्कॉर्बेट-ईडीटीए बफरमध्ये रात्रभर हलकेच फिरवत विषाणू सोडवा. बफरचा पीएच ६ असावा आणि तो त्याच दिवशी बनवलेला असावा. शिळ्या एस्कॉर्बेटने लोह नीट सुटत नाही आणि फिल्टरवर गंजाचा थर राहतो. दक्षिण महासागरात लोह मोजायचं असेल तर त्याची बाटली फेरिक क्लोराइडची डबी उघडण्याआधी भरून, झाकण लावून वेगळ्या खोलीत ठेवा.

जनुकांच्या तक्त्यात ९५ टक्के साम्य, ८५ टक्के लांबीवर, हा निकष लावून एकेक विषाणू-समूह ठरवा. २०१९ मध्ये जगभरच्या समुद्रांतले सूक्ष्मजीव गोळा करणाऱ्या तारा मोहिमेच्या नमुन्यांतून १,९५,७२८ समूह मिळाले आणि जगभरचे समुद्र पाच विभागांत पडले. त्यांत आर्क्टिक आणि अंटार्क्टिक वेगळे होते, आणि आर्क्टिक विविधतेत संपन्न निघाला. तुमच्या नमुन्यांत तापमानाचा परिणाम तपासताना मात्र खोली आणि ऋतू वेगळे काढा. सगळे थंड नमुने खोलवरचे आणि सगळे उबदार नमुने पृष्ठभागाचे असतील, तर कोणतंही गणित दोन्हींची फोड करून देणार नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरवर मोठे विषाणू अडकून राहिलेले असतात आणि नुसतं डीएनए वाचलं तर आरएनए विषाणू दिसत नाहीत. त्यामुळे तक्त्याच्या डोक्यावर ‘लहान, डीएनए विषाणू’ असं लिहून ठेवा.